शेवटचा हात

आमची मामी कोणाच्या घरी गेली की आधी बसायची नाही, आधी चाचपायची. सोफा असो, पलंग असो, बाकावरची पातळ गादी असो, तिचा तळवा तिच्याआधी तिथे पोहोचलेला असायचा. डोक्याकडून पायाकडे एकदाच हात फिरवायची आणि मग विचारायची, "कुठून घेतलीत?"

"का हो?"

"काही नाही."

त्या "काही नाही"ने भल्याभल्यांची झोप उडवलेली आहे. आमच्याच घरी मामी एकदा सोफ्यावर हात फिरवून "काही नाही" म्हणाली, तेव्हापासून आमची ही त्या सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसत नाही. तिथे काय आहे हे आजतागायत कळलेलं नाही. पण मामीच्या हाताला लागलं, म्हणजे काहीतरी असणारच.

मामी गाद्यांच्या कारखान्यात होती. अंधारी लांबोडकी शेड, हवेत सदा कापसाचं धुकं, तोंडाला फडकी बांधलेल्या बायका. एका टोकाला कापूस मोकळा व्हायचा, मध्ये खोळीत भरला जायचा, काठीने बडवून सारखा केला जायचा, मग दाभणाने आरपार टाके पडायचे. आणि गादीचं तोंड शिवून टाकायच्या आधी, सगळ्यात शेवटी, ती मामीच्या टेबलावर यायची. मामी डोळे मिटून तिच्यावरून तळवा फिरवायची, झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. कुठे कापसाची गाठ लागली की तिथे निळ्या खडूने गोल. गोल पडला की गादी परत, उसवा, पिंजा, पुन्हा भरा. मालकाची काय बिशाद ते गोल पुसायची! आणि सगळं सारखं लागलं तर मामी गादीला एक धप्पा मारायची. धप्प! त्या आवाजावर गादी दुकानात जायची.

या कामाला कारखान्यात "शेवटचा हात" म्हणत. मामीच्या आधी शेवटचा हात तिच्या सासूचा होता. सासूने मरताना सुनेला दागिने दिले नाहीत, कारण ते नव्हतेच. खडू दिला. "जप," म्हणाली. मामीने तो झिजवून झिजवून संपवला, पुढे कारखान्याच्या डब्यातले कितीतरी खडू वापरले, पण तिच्या लेखी तो सासूचाच खडू होता.

अशा बाईचं अंग दुखायला लागलं.

आता गादीवाल्यांच्या घरात अंग दुखलं तर पहिला संशय कोणावर जाणार? गादीवर. मामीने घरची गादी उसवली, कापूस उन्हात घातला, पुन्हा भरली. दुखणं तसंच. मग कडक गादी केली. मग मऊ केली. मग लोकरीची आणली. शेवटी फोमची आणली, म्हणजे शाकाहाऱ्याने घरात कोंबडी आणल्यासारखंच ते. मामा दारात उभा राहून म्हणाला, "अगं, माणसं दोन आणि गाद्या पाच. आता झोपायचं कुठे, ते रांग लावून ठरवू या का?"

"तुला चेष्टा सुचते. उठले की वाटतं, रात्रभर कोणीतरी काठीने बडवलंय."

"तू बडवतेस ना दिवसभर कापूस? त्याने सूड घेतला असेल."

मामाला विनोद करायची सवय होती. त्याचा लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा, दिवसभर "हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग" करायचं. ज्याचं आयुष्य रिकाम्या खुर्च्यांशी बोलण्यात गेलं, त्याला घरात एक माणूस ऐकायला मिळालं की तो सुटणारच. पण हळूहळू विनोद आटत गेले. कारण मामीचं दुखणं एका जागी राहीना. आज मान, उद्या खांदे, परवा कंबर, मध्येच ढोपरं. बदलीच्या नोकरीतल्या साहेबासारखं, कुठे बस्तान बसतंय म्हणेतो पुढच्या गावी. झोपून उठली तरी थकलेली. हातावरून कोणी सहज हात फिरवला तरी झोंबायचं. त्यात शब्द हरवायला लागले. जेवताना म्हणायची, "ते दे रे, ते पांढरं, समुद्रातलं." मामा मीठ द्यायचा आणि मान खाली घालून जेवायचा.

तपासण्या झाल्या. फोटो काढले, रक्त काढलं, पुन्हा फोटो काढले. सगळं उत्तम. मामा हर्षाने ओरडत आला, "अगं, सगळं चांगलं आलंय!"

"मग मी का वाईट आहे?" मामीने विचारलं.

रिपोर्टमध्ये काही निघालं की माणसं फळं घेऊन भेटायला येतात. काही निघालं नाही की सल्ले घेऊन येतात. "मनाचं असतं हो," "जरा बाहेर पडत जा," "दिसायला तर ठणठणीत आहेस!" हे शेवटचं वाक्य तिने इतक्या जणांकडून ऐकलं, की आरशात बघून ती स्वतःच म्हणायची, "ठणठणीत बाई, कशा आहात?" आणि हसायचा प्रयत्न करायची. ते हसणं बघवायचं नाही.

पण घरातलं दुखणं घरात राहिलं असतं तरी तिने सोसलं असतं. ते तिच्या तळव्यात उतरलं.

निळे गोल वाढायला लागले. आधी एखाददुसऱ्या गादीवर, मग प्रत्येक गादीवर. एका सकाळी तर एका गादीवर इतके गोल पडले, की ती गोवर निघालेल्या पोरासारखी दिसायला लागली. गोल पडलेल्या गाद्या उसवायचं काम चष्मेवालीकडे होतं. ही मामीहून वयाने लहान, जिभेने मोठी, आणि भिंगं एवढी जाड की तिच्याशी बोलताना आपल्यालाच कोणी पाण्यातून बघतंय असं वाटायचं. तिने गादी उसवली, कापूस बोटांनी चिवडला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वहिनी, कुठे आहे गाठ?"

"आहे. तिथेच आहे."

"मग दाखवा. हा कापूस, ही मी, हे माझे डोळे, कमी आहेत पण आहेत. दाखवा गाठ!"

मामीने हात घातला. कापूस होता, म्हाताऱ्याच्या केसांसारखा मोकळा. गाठ नव्हती.

"आधी होती," मामी म्हणाली.

"आधी होती! म्हणजे माझी चाहूल लागताच उठून गेली वाटतं?"

बायका हसल्या. मामीही हसली. आणि टेबलाखाली आपला तळवा दुसऱ्या हाताने धरून बसली, कारण हात फिरवून तो पेटला होता.

मालक वाईट माणूस नव्हता. त्याने तिला बाजूला घेतलं आणि जमिनीकडे बघत बोलला. "बाई, तुमच्या धप्प्यावर मी डोळे मिटून माल पाठवत आलो. पण चांगला माल उसवून पुन्हा भरायचा, असं किती दिवस? मोसम संपेपर्यंत बघू. बरं वाटलं तर उत्तम. नाहीतर खडू चष्मेवालीकडे देऊ. तुम्ही बसून गादीवरचे फुलटाके, दोऱ्याचे ते गोंडे, बांधा, ते हलकं काम आहे."

"हलकं काम" हे शब्द मामीला दुखण्यापेक्षा जास्त लागले. घरी येऊन ती मामाला एवढंच म्हणाली, "सासूबाईंचा खडू जाणार."

मामाने तेव्हा तिला नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. या बाईंनी फोटो बाजूला ठेवले आणि आधी विचारलं, "झोप कशी लागते?" आजवर कोणी विचारलं नव्हतं. मग मान, खांदे, कंबर, मांड्या ठिकठिकाणी अंगठ्याने दाबून बघितलं. मामी प्रत्येक वेळी कळवळली. बाई बराच वेळ विचारत राहिल्या, ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "याला फायब्रोमायाल्जिया म्हणतात."

"काय?" मामा म्हणाला. "पुन्हा सांगा, जरा हळू."

त्यांनी पुन्हा सांगितलं. मामाने परक्या मुलखातल्या स्टेशनचं नाव वाचावं तसं ते तोंडातल्या तोंडात जुळवलं.

"हाडं झिजलेली नाहीत," बाई म्हणाल्या, "स्नायू सडलेले नाहीत, म्हणून फोटोत काही दिसत नाही. शरीरातून मेंदूकडे जे निरोप जातात ना, ते वाटेत मोठे होतात. साधा स्पर्श जातो, तिथे दुखणं म्हणून पोहोचतो. पण म्हणून ते खोटं नाही. यांना दुखतं, ते खरंच दुखतं."

"खरंच" या शब्दावर मामी रडायला लागली. मामा मात्र एकदम ताठ बसला. आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरांचं काहीतरी त्याच्या धंद्यातलं निघालं होतं.

"म्हणजे ॲम्प्लिफायर बिघडलाय! माईकसमोर कोणी नाही, आणि कर्णा शिट्ट्या मारतोय!"

"अगदी तसं नाही, पण जवळपास," बाई हसल्या.

"अहो, मग मी हिला इतके दिवस विचारत होतो की माईकसमोर कोण आहे? कोणीच नाही, मग तू ऐकतेस काय? आणि शिट्टी तर हिच्या कानात वाजत होती." त्यानंतर बराच वेळ त्याने रुमालाने चष्मा पुसला. तो चष्मा वाचायचा होता आणि खिशात होता.

मग त्याने धंद्याचा प्रश्न विचारला. "शिट्टी थांबवायचं बटण कुठलं?"

"एक बटण नाही. थोडी झोप, थोडी हालचाल, वेळेवर जेवण, थोडं औषध. प्रत्येकाने थोडं थोडं कमी होतं. पूर्ण बंद होईल असं मी सांगणार नाही."

मामा मान डोलावत राहिला. शिट्टी एका बटणाने कधीच जात नाही. माईक जरा हलवावा लागतो, कर्णा जरा फिरवावा लागतो, आवाज जरा उतरवावा लागतो, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

निघताना मामीने हळूच तळवा पुढे केला. "बाई, या हाताला गादीत गाठ लागते. उसवली की नसते. ते पण हेच का?"

"असू शकेल. दाबलं की दुखतं, आणि दुखलं की गाठ वाटते."

"म्हणजे गाठ गादीत नाही?"

"बहुतेक वेळा नसेल."

मामीने घरी येताना "नसेल" एवढंच आणलं. "बहुतेक वेळा" दवाखान्यातच राहिलं.

मग औषधपाण्याचं पर्व सुरू झालं. सगळ्यात आधी आल्या खालच्या मजल्यावरच्या काकू. या काकूंकडे कपाटभर बरण्या होत्या, आणि जगात असं दुखणं नव्हतं ज्याची पावडर त्यांच्याकडे नव्हती. माशाच्या तेलाच्या गोळ्या झाल्या, त्याने मामीला दिवसभर बंदराचे ढेकर आले. मग मॅग्नेशियमची पावडर आली. काकूंनी चमचा जरा सढळ हाताने सांगितला. दुसऱ्या दिवशी काकू उत्सुकतेने वर आल्या.

"काय, फरक पडला?"

"दुखणं सोडून सगळं गेलं," मामी म्हणाली.

आणि जेवण! एकाने सांगितलं, साखर बंद. बरोबर. दुसऱ्याने सांगितलं, गहू बंद. तिसऱ्याने दूध बंद, चौथ्याने टोमॅटो आणि वांगी बंद, पाचव्याने आंबट बंद. एकेक माणूस यायचा आणि ताटातून एकेक पदार्थ उचलून न्यायचा, जप्तीवाल्यांसारखा. शेवटी ताटात ताटच उरलं. मामी वाळली, चक्कर यायला लागली, दुखणं दुप्पट झालं. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा चिडल्या. "हे कोणी सांगितलं? उपाशी माणसाला सगळंच दुखतं! डाळी खा, अंडी खा, मासे खा, भाज्या खा, वेळेवर खा. गोड आणि पुड्यातलं कमी करा. संध्याकाळनंतर चहा नको, झोप जाते. तुमच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी आहे, तेवढं मी देते. बाकीच्या बरण्यांनी बरं होतं असं मी तुम्हाला सांगू शकत नाही."

काकू पुढे कितीतरी दिवस जिन्यात भेटल्या की तोंड फिरवायच्या. बरण्यांचा अपमान त्यांना सहन झाला नाही.

चालण्याची गोष्ट आणखी वेगळी. चांगला दिवस उजाडला की मामी त्या दिवसावर तुटून पडायची. पडदे धुवायची, माळा झाडायची, कारखान्यात उभ्याने काम करायची. बाईंनी चालायला सांगितल्यावर अशाच एका चांगल्या दिवशी ती पुलापर्यंत जाऊन आली, आणि पुढचा आठवडाभर पलंगावरून उठली नाही. बाई म्हणाल्या, "चांगल्या दिवशी निम्मं करायचं आणि वाईट दिवशी थोडं. पण थांबायचं नाही."

"चांगल्या दिवशी निम्मं? मग त्याला चांगला कशाला म्हणायचं?" मामीने विचारलं. प्रश्न बिनतोड होता. पण तिने ऐकलं. आधी फक्त लॉन्ड्रीपर्यंत. मग न्हाव्याच्या दुकानापर्यंत. मामा बरोबर असायचा, काखेत घडीची खुर्ची घेऊन. ती थकली की रस्त्याच्या कडेला खुर्ची उघडायचा, ती बसायची, हा बाजूला उभा. येणारेजाणारे बघायचे. न्हावी एकदा म्हणाला, "मामा, खुर्ची आणलीच आहे तर दाढी इथेच करून टाकू." मामीला हसू आलं. त्या दिवशी ती पुढच्या बंद पडलेल्या कारंज्यापर्यंत गेली. घरी खुर्चीवरून सावकाश उठणं, बसणं, टॉवेल ताणून खांदे सोडवणं. काही दिवस हे व्यायाम म्हणजे नवा छळ होता. मग कधीतरी, नक्की कधी ते तिलाही सांगता येणार नाही, उठताना अंग जरा कमी मोडलेलं लागलं. जेवताना मीठ पुन्हा मीठ झालं. मामा सकाळी विचारायचा, "आज आवाज किती?" ती बोटांनी बटण पिळल्यासारखं करून दाखवायची, एवढा.

कारखान्यातही गोल कमी झाले. मालक खूश. "बाई, तुमचा हात परत आला!"

हात परत आलेला नव्हता, आणि हे फक्त मामीला ठाऊक होतं. तळव्याखाली गाठी अजूनही लागत होत्या. फक्त मामीने त्यांच्याशी वाद घालणं सुरू केलं होतं. तिने आपल्यापुरता एक नियम केला: लागून दुखली तर ती माझी, न दुखता लागली तर गादीची. दुखलं की ती मनात म्हणायची, हे माझं, आणि पुढे सरकायची. मोसम संपत आला होता, खडू हातात होता, आणि कोणाला काही सांगायची गरज नव्हती.

मग ती गादी आली. एकट्या माणसाची, अरुंद. कोणा मुलाने अंथरुणाला खिळलेल्या बापासाठी सांगितलेली, म्हणून मालकाने खास चांगला कापूस घालायला लावला होता. मामीने डोळे मिटले, तळवा फिरवला. खांद्याच्या जागी काहीतरी टोचलं. तिने हात उचलला, पुन्हा ठेवला, दाबला. पुन्हा कळ आली. बोटापासून कोपरापर्यंत गेली. त्या दिवशी तिला सगळंच टोचत होतं, पदर, बांगडी, टेबलाची कड. हे माझं, ती म्हणाली.

धप्प.

गोल कमी झाल्यापासून चष्मेवाली शिवणाच्या टेबलावर बसायची, आणि त्याच दिवशी तिला एक दाभण कमी भरलं होतं. तिने मशिनीखाली शोधलं, पाटीखाली शोधलं, आणि पडलं असेल कुठेतरी म्हणून नवं घेतलं. मालक ओरडेल म्हणून बोलली नाही.

गादी परत आली ती टेम्पोच्या मागच्या बाजूला उभी करून. खांद्याच्या जागी डाग होता, वाळून चहासारखा झालेला. मालक ओरडला नाही, तेच भयंकर होतं. त्याने दाभण मामीच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "म्हाताऱ्याची उजवी बाजू गेलेली आहे. लुळी आहे. त्याला टोचलेलं कळलंच नाही. सुनेने चादर बदलायला घेतली तेव्हा दिसलं. अंगात साखर आहे, जखम भरत नाहीये."

चष्मेवालीने चष्मा काढला. तिचे डोळे पहिल्यांदाच सगळ्यांनी पाहिले, केवढेसे होते. "माझं आहे ते," ती म्हणाली. "दाभण माझं आहे."

"दाभण तुझं," मामी म्हणाली, "धप्पा माझा."

ती मालकाबरोबर त्या घरी गेली. औषधाचा आणि ओल्या कपड्यांचा वास असलेली खोली, खिडकीशी पलंग, त्यावर जुनीच गादी. म्हातारा डोळ्यांनी तरतरीत होता. सून मात्र दारात उभी राहिली, बसा म्हणाली नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. मामीने सगळं सांगितलं. टोचलं होतं. कळ आली होती. मला वाटलं, ते माझं दुखणं आहे. म्हणून मी जाऊ दिलं.

म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. त्याचे शब्द अर्ध्या तोंडातून यायचे, सावकाश. "म्हणजे तुम्हाला नसलेलं दुखतं, आणि मला असलेलं दुखत नाही."

"हो."

"फार दुखतं?"

"फार."

"मग निम्मं इकडे द्या. ही बाजू रिकामीच आहे."

मामीला हसावं की रडावं कळेना. सून तोंड फिरवून आत गेली.

"नवी गादी कराल ना?" म्हाताऱ्याने विचारलं. "यावेळी तुम्हीच नीट हात फिरवून पाठवा. तुम्हाला आता चांगलं लक्षात राहील."

मालकाने लगेच मान डोलावली. ते माफीचं बोलणं होतं, आणि खडूही त्यातच होता. नुसतं हो म्हणायचं होतं. मामी म्हणाली, "नाही. लक्षात राहून उपयोग नाही. माझ्या हाताला आता खरं खोटं कळत नाही. दुसरा चांगला हात आहे आमच्याकडे. तो फिरवून पाठवते."

नवी गादी टेबलावर आली त्या दिवशी मामीने चष्मेवालीला बोलावलं. "डोळे मीट. तसेही ते कामाचे नाहीत."

"वहिनी, मला नाही जमणार."

"तळवा टेकव. दाबू नकोस. असा. आता जा खाली. काय लागतंय?"

"काहीच नाही."

"पुन्हा जा. मला लागतंय, इथे. तुला?"

चष्मेवाली त्या जागी थांबली. बोटं पसरली, आवळली, पुन्हा पसरली. "नाही, वहिनी. शप्पथ. कापूस आहे नुसता."

"मग मार धप्पा."

चष्मेवालीने हात आपटला. मामी म्हणाली, "अगं, माशी मारतेस का? जोरात मार, दुकानापर्यंत ऐकू गेला पाहिजे." दुसऱ्यांदा आवाज चांगला आला. मामीने खडू तिच्या पुढ्यात ठेवला, आणि आपल्या तळव्याकडे बघत म्हणाली, "बरं झालं. धप्पा मारताना तर जीवच जायचा माझा." हे तिने इतके दिवस कोणाला सांगितलं नव्हतं.

आता कारखान्यात प्रत्येक दाभणाला लांब लाल दोरा असतो. दोरा दिसला नाही तर शेड थांबते. मामी अर्धा दिवस बसून फुलटाके बांधते. तिच्या टाक्याला नावं ठेवायला जागा नाही, पण टाके पाहून गादी कोणी घेत नाही. म्हाताऱ्याची जखम अजून भरलेली नाही. मामी अधूनमधून तिथे जाते, सून आता बसा म्हणते. मामीचं अंग काही दिवस बरं असतं, काही दिवस नसतं. ती वेळेवर जेवते, संध्याकाळी चहा घेत नाही, आणि मामाबरोबर निम्मं निम्मं करत पुलापर्यंत जाऊन येते. घडीची खुर्ची अजून त्याच्या काखेत असते. आता कधीकधी तोच थकून तिच्यावर बसतो.

मध्यंतरी दोघं आमच्याकडे आली होती. आम्ही सोफा नवा घेतला होता. मामी येऊन सरळ बसली. आमची ही चहाचे कप घेऊन उभीच राहिली, मामीच्या हाताकडे बघत. दोन्ही हात मांडीवर होते, एकात एक. शेवटी हिला राहवेना.

"मामी, सोफा नवीन आहे."

"हो का?" मामी म्हणाली. "छान दिसतोय."